आपल्या रस्त्यावरून गेलेली टू-स्ट्रोक डोंगरात कशी टिकली? केटीएम ३०० ईएक्ससीमध्ये दरवर्षी नेमकं काय बदलतं?

इचलकरंजीत आरएक्स १०० येतेय हे कळायला मागं वळून बघावं लागत नाही. फायरिंगवरूनच कळतं.

गाडीचं उत्पादन थांबून जवळपास तीस वर्षं झाली, तरी तिचा नाद काही सुटलेला नाही. जुनी गाडी शोधायची, ओरिजिनल पार्ट मिळवायचे, इंजिन खोलून बांधून घ्यायचं, हे सगळं अजून सुरू आहे. चांगल्या स्थितीतली आरएक्स १०० आज लाखाच्या पुढं विकली जाते. कारण सगळ्यांना माहिती आहे. अशी गाडी आता परत येणार नाही, टू-स्ट्रोकचा जमाना गेला.

पण ही गोष्ट अर्धीच खरी आहे.

जगात आजही नव्याकोऱ्या टू-स्ट्रोक मोटारसायकली बनतात. रस्त्यावर चालवायला नाही, तर डोंगर, दगड, चिखल आणि जंगल पार करायला. त्यातलं एक मोठं नाव म्हणजे ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीची ३०० ईएक्ससी. हिचं दरवर्षी नवं मॉडेल येतं. आणि ही कंपनी आज आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोच्या ताब्यात आहे.

मग प्रश्न पडतो की जे इंजिन आपल्याकडं धुरामुळं बंद पडलं, ते तिकडं कसं टिकलं? दरवर्षी नवं मॉडेल येतं म्हणजे खरंच काही बदलतं, की फक्त स्टिकर? सविस्तर बघूया.

आधी मुद्द्याचं : टू-स्ट्रोक म्हणजे काय?

आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक सगळ्या पेट्रोल मोटारसायकली फोर-स्ट्रोक आहेत. त्यांच्यात पिस्टन दोनदा वर आणि दोनदा खाली गेला की एकदा स्फोट होतो. हवा-पेट्रोल आत घ्यायला आणि धूर बाहेर टाकायला व्हॉल्व्ह असतात, ते उघडायला कॅमशाफ्ट असतो.

टू-स्ट्रोकमध्ये हे काहीच नसतं. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना याच खिडक्या उघडतो आणि झाकतो. पिस्टनच्या प्रत्येक फेरीला, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक चकराला एक स्फोट होतो. त्यामुळं तेवढ्याच आकाराच्या फोर-स्ट्रोकपेक्षा ताकद जास्त, पार्ट कमी आणि वजन हलकं.

आरएक्स १०० चं इंजिन फक्त ९८ सीसीचं होतं, पण ते ११ हॉर्सपॉवर द्यायचं. गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास. तिच्या पिकअपचं गुपित एवढंच आहे.

आता दोष. पिस्टनखालच्या क्रँककेसमधूनच हवा-पेट्रोल जात असल्यानं तिथं फोर-स्ट्रोकसारखं ऑइल भरून ठेवता येत नाही. म्हणून टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जाळावं लागतं, आणि त्यातून निळसर धूर येतो.

दुसरा दोष मोठा आहे. जळालेला धूर बाहेर जात असतानाच ताजं मिश्रण आत येत असतं. दोन्ही खिडक्या एकाच वेळी उघड्या असतात. त्यामुळं आलेलं ताजं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. जुन्या इंजिनांत हे प्रमाण एक तृतीयांशापर्यंत जायचं. म्हणजे तुम्ही भरलेल्या तीन लिटरमधलं जवळपास एक लिटर हवेत.

ऑफ-रोड टू-स्ट्रोकचा सायलेन्सर मध्येच फुगलेला दिसतो, तो यासाठीच. त्या फुगीर भागातून दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर निघालेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पण ही युक्ती ठरावीक आरपीएमलाच नीट चालते. बाकी वेळी पेट्रोल वायाच जातं.

आपल्याकडं ती का बंद पडली?

एक काळ असा होता की आपले रस्ते टू-स्ट्रोकचेच होते. किनेटिकची लुना, बजाजची चेतक आणि एम-८०, राजदूत, येझदी, बजाज-कावासाकीची केबी १००, आणि १९८५ च्या नोव्हेंबरात आलेली यामाहा आरएक्स १००. पेट्रोल पंपावर आधी ऑइल, मग पेट्रोल, हा क्रम लोकांच्या अंगवळणी पडला होता.

मग धुराचे नियम आले. १९९६ च्या नियमानुसार दुचाकीला एका किलोमीटरमागं जास्तीत जास्त ४.५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड सोडायची मुभा होती. न जळालेलं इंधन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून मर्यादा ३.६ ग्रॅम. २००० साली दोन्ही आकडे २ ग्रॅमवर आले. २००५ मध्ये दीड ग्रॅमवर.

आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. तिच्याच वंशातली आरएक्स १३५ पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावून चालवून बघितली, पण २००५ च्या आसपास तीही थांबली. तोपर्यंत हिरो होंडाच्या फोर-स्ट्रोक गाड्यांनी मायलेजवर बाजार जिंकला होता. एका लिटरमागं जास्त किलोमीटर मिळत असतील, तर धुराच्या गाडीसाठी भांडणार कोण?

परदेशात शर्यतीच्या गाड्यांचंही तेच झालं. यामाहानं १९९८ चं मॉडेल म्हणून वायझेड ४०० एफ ही फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी आणली आणि हवा फिरली. होंडाची सीआर २५० आर ही टू-स्ट्रोक २००७ च्या मॉडेलनंतर बंद झाली. टू-स्ट्रोकचा शेवट जवळ आला, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं.

मग डोंगरात का टिकली?

कारण तिथं प्रश्न मायलेजचा नव्हता, वजनाचा होता.

एंड्युरो नावाचा मोटारसायकलचा एक खेळ आहे. बांधलेला ट्रॅक नसतो. जंगल, ओढे, खडक, चढ पार करत तासन् तास जायचं. यातला सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे हार्ड एंड्युरो. ऑस्ट्रियातल्या आयझेनएर्झ गावाजवळच्या लोखंडाच्या खाणीत एर्झबेर्ग रोडिओ ही शर्यत होते. मुख्य शर्यतीला शेकडो जण सुटतात. दिलेल्या चार तासांत शेवटपर्यंत पोचणारे मोजकेच असतात.

अशा ठिकाणी गाडी पडते, अडकते, उचलावी लागते, दगडावरून ओढावी लागते. प्रत्येक किलो अंगावर येतो. इंजिन पाच-सहा वेळा बंद पडतं आणि परत चालू करावं लागतं. इथं टू-स्ट्रोक उजवी ठरते. ३०० ईएक्ससीचं इंजिन २९३ सीसीचं, म्हणजे आरएक्स १०० च्या जवळपास तिप्पट. पण पेट्रोल न धरता गाडीचं वजन साधारण १०३-१०४ किलोच. व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन नसल्यानं इंजिन खोलून पिस्टन बदलायचं कामही सोपं आणि स्वस्त.

जर्मनीचा मानुएल लेटेनबिखलर यानं २०२२, २०२३ आणि २०२४ असं सलग तीन वर्षं एर्झबेर्ग जिंकलं, ते केटीएमच्या टू-स्ट्रोकवरच.

गिऱ्हाईक होतं, म्हणून कंपनीनं इंजिन सोडलं नाही. पण युरोपातही धुराचे नियम कडक होत गेले. त्यामुळं इंजिन टिकवायचं तर ते बदलत राहणं भाग होतं.

'मॉडेल इयर' हा काय प्रकार आहे?

ऑफ-रोड गाड्यांच्या धंद्यात वर्ष जानेवारीला सुरू होत नाही. २०२४ चं मॉडेल २०२३ च्या उन्हाळ्यात, मे-जूनच्या सुमाराला जाहीर होतं. गाडीवर '२०२४' लिहिलेलं असतं, पण ती आदल्या वर्षीच शोरूमला पोचलेली असते.

दरवर्षी सगळी गाडी नव्यानं बनवणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही. म्हणून साधारण पद्धत अशी असते. काही वर्षांनी एकदा पूर्ण नवी पिढी आणायची. त्यात फ्रेम नवी, इंजिन नवं, बॉडी नवी. त्यानंतरच्या वर्षांत त्या पिढीतल्या चुका दुरुस्त करायच्या. कधी सस्पेन्शनची आतली रचना, कधी ब्रेक, कधी फक्त रंग आणि स्टिकर.

इचलकरंजीतल्या यंत्रमागधारकाला हा हिशोब नवा नाही. साध्या मागावर एकेक सुधारणा करत राहणं वेगळं आणि साधे माग काढून शटललेस आणणं वेगळं. दोन्हीला 'नवीन' म्हणता येतं, पण खर्चही वेगळा आणि निघणाऱ्या कापडातला फरकही वेगळा.

३०० ईएक्ससीच्या बाबतीत खरे बदल कुठल्या वर्षी झाले, ते आता बघू.

२००८ : बटन आलं

तोपर्यंत टू-स्ट्रोक म्हणजे किक, हे समीकरण होतं. २००८ च्या मॉडेलपासून केटीएमनं ३०० वर इलेक्ट्रिक स्टार्ट द्यायला सुरुवात केली. वजन थोडं वाढलं म्हणून काहींनी नाकं मुरडली. पण चढावर मधेच बंद पडलेली गाडी, खाली निसरडा दगड आणि एका पायावर उभं राहून मारायची किक, हे ज्यानं अनुभवलंय त्याला त्या बटनाची किंमत कळली.

२०१७ : हाताला आराम

ही पूर्ण नवी पिढी होती. सगळ्यात मोठा बदल म्हणजे इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आला. एका सिलिंडरचं इंजिन जोरात धडधडतं. ती धडधड हँडलमधून हातात जाते आणि दोन-तीन तासांनी मनगटं भरून येतात, बोटं बधिर होतात. बॅलन्सर शाफ्ट उलट दिशेनं फिरून ही धडधड बरीच कमी करतो.

याच वर्षी स्टार्टर मोटर इंजिनाच्या रचनेत नीट बसवली गेली, फ्रेम बदलली, पुढचे फोर्क नवे आले. कार्ब्युरेटरही बदलला. पण होता तो कार्ब्युरेटरच.

२०१८ : कार्ब्युरेटर गेला

टू-स्ट्रोकच्या इतिहासातलं हे मोठं वर्ष. २०१७ च्या मे महिन्यात केटीएमनं २५० आणि ३०० ईएक्ससी टीपीआय जाहीर केल्या. टीपीआय म्हणजे ट्रान्सफर पोर्ट इंजेक्शन. अशा पद्धतीचं फ्युएल इंजेक्शन असलेल्या, कारखान्यात मोठ्या संख्येनं बनणाऱ्या या पहिल्या टू-स्ट्रोक एंड्युरो गाड्या.

यात नेमकं काय केलं? पूर्वी हवा आणि पेट्रोल आधीच मिसळून क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जायचं. टीपीआयमध्ये क्रँककेसमधून फक्त हवा आणि थोडं ऑइल जातं. पेट्रोल थेट सिलिंडरजवळच्या ट्रान्सफर पोर्टमध्ये दोन इंजेक्टर फवारतात. किती आणि कधी फवारायचं, हे कॉम्प्युटर ठरवतो. त्यामुळं न जळता बाहेर जाणारं पेट्रोल कमी झालं. म्हणजे ज्या दोषानं आपल्याकडची टू-स्ट्रोक गेली, त्याच दोषावर घाव घातला गेला.

आणखी दोन फायदे झाले. पहिला, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट संपली. ०.७ लिटरची वेगळी ऑइल टाकी आली आणि पंप गरजेनुसार ऑइल सोडू लागला. एकदा भरलेलं ऑइल पेट्रोलच्या पाच-सहा टाक्यांना पुरतं.

दुसरा फायदा घाट चढणाऱ्यांचा. उंचीवर हवा विरळ होते, पण कार्ब्युरेटर पेट्रोल तेवढंच सोडतो. मग प्लग काळा पडतो, गाडी गुदमरते. गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेलं तर फरक फारसा जाणवणार नाही, पण मनालीहून लेहला जुनी कार्ब्युरेटरची गाडी नेलेल्या कुणालाही विचारा. शर्यतवाले त्यासाठी वेगवेगळे जेट खिशात घेऊन फिरायचे. इंजेक्शनमध्ये हे काम सेन्सर करतात.

मग सगळे खूश झाले का? नाही. कमी आरपीएमला गाडी कार्ब्युरेटरसारखी सहज उचलत नाही, अशी तक्रार अनेक चालकांनी केली. कार्ब्युरेटर रस्त्याच्या कडेला बसून पान्यानं उघडता येतो, सेन्सरचं काय करायचं, हाही प्रश्न होताच.

२०२० ते २०२३ : दुरुस्तीची वर्षं

२०२० मध्ये फ्रेम आणि बॉडी नवी आली. इंजिन फ्रेममध्ये एक अंशानं खाली झुकवलं. एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण पुढच्या चाकावर वजन किती येतं, वळणात ते किती धरून राहतं, हे अशाच बारीक गोष्टींवर ठरतं. हवेचा दाब मोजणारा सेन्सर आणि नवा कंट्रोल युनिट आला, त्यानं उंचीवरचं गणित सुधारलं.

आणखी एक साधा पण कामाचा बदल झाला. सायलेन्सरचा पुढचा फुगीर पाइप इंजिनासमोर लोंबत असतो. दगड लागला की त्याला खड्डा पडतो, आणि आकार बदलला की ताकदही बदलते. म्हणून त्या पत्र्यावर वळ्या पाडून तो कडक केला.

२०२१ मध्ये पुढच्या फोर्क आणि मागच्या शॉकची आतली रचना सुधारली. २०२२ आणि २०२३ मध्ये इंजिन आणि फ्रेम तीच राहिली, फरक मुख्यतः रंग आणि ग्राफिक्सचा. आपल्याकडं ज्याला 'स्टिकर बदलला' म्हणतात, ती हीच वर्षं.

२०२४ : पुन्हा सगळं नवं

केटीएमच्या म्हणण्यानुसार २०२४ च्या ईएक्ससी गाड्यांमध्ये ९५ टक्के भाग नवे होते. यात टीपीआय गेलं आणि टीबीआय आलं. टीबीआय म्हणजे थ्रॉटल बॉडी इंजेक्शन. इंजेक्टर सिलिंडरजवळून काढून मागं, हवा आत येते त्या तोंडाशी नेले. त्यामुळं पेट्रोलला हवेत मिसळायला जास्त वेळ मिळतो आणि गाडीचा स्वभाव जुन्या कार्ब्युरेटरच्या जवळ जातो. वेगळी ऑइल टाकी आणि पंप मात्र कायम राहिला.

म्हणजे २०१८ मध्ये जे क्रांतिकारी ठरलं होतं, ते सहा वर्षांत कंपनीनंच बाजूला ठेवलं. चालकांच्या तक्रारी ऐकल्या गेल्या, असा याचा अर्थ घेता येईल. आणि पहिल्या वर्षी घाईनं नवं तंत्रज्ञान विकत घेणाऱ्यानं स्वतःच्या पैशानं कंपनीसाठी चाचणी केली, असाही घेता येईल.

याच वर्षी पॉवर व्हॉल्व्हही इलेक्ट्रॉनिक झाला. हा व्हॉल्व्ह धूर बाहेर पडायच्या खिडकीची उंची आरपीएमनुसार कमी-जास्त करतो. त्यामुळं खाली ओढ आणि वर पळ, दोन्ही मिळतं. आधी हे काम वजन आणि स्प्रिंगवर चालायचं, आता मोटर करते. पुढचे फोर्कही नव्या बंद कार्ट्रिजचे आले.

एक गोष्ट मात्र कंपनीनं बदलली नाही. मागचा शॉक थेट स्विंगआर्मला जोडण्याची पद्धत. मोटोक्रॉसच्या गाड्यांत मध्ये लिंकेज असतं, ते खाली लोंबतं आणि ओंडक्याला, दगडाला अडकतं. ईएक्ससीला ते नको, म्हणून जुनीच पद्धत राहिली.

न बदलणारी गाडी

या सगळ्याच्या अगदी उलट उदाहरण यामाहाचं आहे. त्यांची वायझेड २५० ही टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी. २००५ मध्ये ॲल्युमिनियमची फ्रेम आली, २००६ मध्ये सस्पेन्शन सुधारलं. त्यानंतर मोठा बदल आला तो थेट २०२२ मध्ये, आणि तोही मुख्यतः बॉडी, एअरबॉक्स, ब्रेकचा. कार्ब्युरेटर आणि किक तशीच.

तरी ही गाडी विकली जाते. कारण दहा वर्षांपूर्वीच्या गाडीचा पार्ट आजच्या गाडीला बसतो, मेकॅनिकला ती पाठ असते, आणि जुनी गाडी एका वर्षात 'जुनी' होत नाही. ही गाडी बंदिस्त ट्रॅकवरच चालते, त्यामुळं रस्त्याच्या धुराचे नियम तिला लागत नाहीत. केटीएमच्या ईएक्ससीला युरोपात नंबर प्लेट लावून रस्त्यावरही जाता येतं, म्हणून तिला नियमाप्रमाणं बदलावं लागतं. दोघींमधला मुख्य फरक इथं आहे.

यात पुण्याचा काय संबंध?

बजाज ऑटोनं २००७ च्या नोव्हेंबरात केटीएममध्ये १४.५ टक्के हिस्सा घेतला. पुढं तो जवळपास ४८ टक्क्यांपर्यंत गेला. चाकणच्या कारखान्यात बनलेली २०० ड्यूक जानेवारी २०१२ मध्ये भारतात आली आणि आपल्याकडं केटीएम हे नाव कॉलेजच्या पार्किंगपर्यंत पोचलं.

मग संकट आलं. २९ नोव्हेंबर २०२४ ला केटीएमनं ऑस्ट्रियाच्या न्यायालयात दिवाळखोरीच्या प्रक्रियेसाठी अर्ज केला. मागणीपेक्षा जास्त गाड्या बनवल्या गेल्या होत्या. एक लाखाहून जास्त गाड्या विकल्याविना पडून होत्या. कारखाना थांबला, शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये देणेकऱ्यांनी त्यांच्या रकमेच्या ३० टक्क्यांवर समझोता मान्य केला. त्यासाठी लागणारा पैसा उभा केला बजाजनं, सुमारे ८० कोटी युरोंचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचा ताबा बजाजकडं आला आणि केटीएमच्या मूळ कंपनीचं नाव बजाज मोबिलिटी झालं.

पडून राहिलेल्या गाड्यांत रस्त्यावरच्या गाड्याही होत्या, त्यामुळं सगळं खापर वार्षिक मॉडेलवर फोडता येत नाही. पण दरवर्षी नवं मॉडेल आणायचं तर जुनं आधी विकलं गेलं पाहिजे. ते नाही विकलं, तर नवं येताच गोदामातल्या गाडीची किंमत पडते. म्हणून आता दरवर्षी किती बदल करायचे आणि टू-स्ट्रोकवर किती पैसा घालायचा, हे निर्णय पुण्यातल्या मालकांच्या संमतीशिवाय होणार नाहीत.

ही गाडी आपल्याकडं घेता येते का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमनं भारतात ऑफ-रोड गाड्या अधिकृतपणे आणल्या. त्यात ३०० ईएक्ससी नव्हती. एंड्युरोमध्ये ३५० ईएक्ससी-एफ होती, ती फोर-स्ट्रोक, एक्स-शोरूम १२.९६ लाखांची.

पण गंमत म्हणजे त्या यादीत तीन टू-स्ट्रोक होत्या. ५० एसएक्स ४.७५ लाखांना, ६५ एसएक्स ५.४७ लाखांना आणि ८५ एसएक्स ६.६९ लाखांना. या लहान मुलांच्या आणि किशोरांच्या शर्यतीच्या गाड्या. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, त्यातही ८५ सीसीचा ज्युनिअर गट होता.

या गाड्यांना आरटीओची नोंदणी मिळत नाही. म्हणजे टेम्पोत घालून ट्रॅकवर किंवा परवानगी असलेल्या खासगी जागेत न्यायच्या आणि तशाच परत आणायच्या. रस्त्यावर आणली तर विना-नोंदणी वाहन म्हणून कारवाई होते.

राहिला जुन्या आरएक्स १०० ला मातीची गाडी बनवायचा मार्ग. त्यातही लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसी बुकात लिहिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. दुसरं इंजिन, कापलेली फ्रेम, फाटक्या आवाजाचा सायलेन्सर लावून रस्त्यावर फिरणं बेकायदा आहे. ट्रॅकची गाडी ट्रॅकवर, हेच बरं.

नवं मॉडेल आलं की काय बघायचं?

गाडी तीन लाखांची असो की तेरा लाखांची, हे प्रश्न कामाला येतात.

१. फ्रेम आणि इंजिन बदललंय का? नसेल तर आदल्या वर्षीची गाडी सूट घेऊन घेणं जास्त शहाणपणाचं.

२. बदल कशासाठी केलाय? धुराच्या नियमासाठी, चालकाच्या तक्रारीसाठी, की फक्त जाहिरातीसाठी?

३. नव्या पिढीचं पहिलंच वर्ष आहे का? असेल तर एखादं वर्ष थांबा. पहिल्या वर्षीच्या चुका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दुरुस्त होतात.

४. पार्ट आणि मेकॅनिक किती लांब आहे? सेन्सर बिघडला तर गाडी गावातच सुधारेल, की टेम्पोत घालून पुण्याला न्यावी लागेल?

५. जुनी ऑफ-रोड गाडी घेताना किलोमीटर नाही, तास विचारा. जेसीबी किंवा जनरेटरसारखं या गाड्यांचं आयुष्य तासांत मोजतात. पिस्टन किती तासांनी बदलला, हे विकणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

थोडक्यात सांगायचं तर टू-स्ट्रोकवर धुराचा जो आरोप होता, त्यावरचं बरंचसं उत्तर सापडलं, पण ते आलं २०१८ मध्ये. आरएक्स १०० तोवर बावीस वर्षांपूर्वीच बंद झाली होती. आणि इंजेक्टर, सेन्सर, ऑइल पंप, कॉम्प्युटर असं सगळं लावलेलं इंजिन लाखभर रुपयांच्या रोजच्या गाडीत बसवणं कुठल्या कंपनीला परवडणार?

त्यामुळं नवी आरएक्स १०० टू-स्ट्रोकमध्ये येणार, अशी पोस्ट फॉरवर्ड होऊन आली तर लगेच पुढं पाठवू नका. टू-स्ट्रोक जिवंत आहे, पण ती डोंगरात आणि ट्रॅकवर. रस्त्यावर तिचं फायरिंग ऐकायचं असेल, तर जुनी गाडी नीट जपलेल्या माणसालाच विचारावं लागेल.